सर्जाचा रफार

सकाळी सहाला मी दोरीवरची पाकिटं काढतो आणि एकेक उलटं दुमडून बघतो. रात्री ती चिमट्यांना अडकवून ठेवलेली असतात. अजून चूळ भरलेली नसते, चहा नसतो, पण हात आधी दोरीकडं जातो. जिथं अक्षर आहे तिथंच चामडं वाकवायचं आणि खिडकीच्या उजेडाकडं धरायचं. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर कालचा दिवस पुन्हा करायचा. नाही दिसली तर कडेचा रंग नखानं हळूच ओढून बघायचा. तोही हलला नाही की मग चूळ, मग चहा.

आज चारही पाकिटं टिकली. फार बरं वाटलं, कारण श्रावणाचा शेवटचा आठवडा चालू आहे आणि या दिवसांत रंगाचा भरवसा नसतो. मे महिन्यात आमच्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा रंग ब्रशवरच वाळतो. डब्यातून उचलून चामड्यापर्यंत नेईस्तोवर टोकाला साय धरते. आता उलट. हात मारून तास झाला तरी बोटाला चिकटतो. पोळा तीन दिवसांवर आलाय आणि त्याच्यापुढं चार दिवसांनी गणपती. वर्षातली निम्मी कामं या पंधरा दिवसांत येतात, आणि हवाही याच पंधरा दिवसांत सगळ्यात ओली असते.

साडेसातला दुकान उघडतो. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर सुपारी हनुमानाला हात जोडून आतल्या गल्लीत वळलं की पाच मिनिटं. आठ बाय दहाची जागा. पस्तीस वर्षांपूर्वी मी इथंच उस्तादांच्या हाताखाली बोर्ड रंगवायला लागलो. उस्ताद उर्दू लिहायचे, मी मराठी. या शहरातल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा ओळी असायच्या. लांब पाटी असली की आम्ही दोघं एकाच वेळी बसायचो. ते उजवीकडून सुरू करायचे, मी डावीकडून, आणि मधे कुठंतरी आमची कोपरं एकमेकांना लागायची. ते गेले तरी त्यांची हाताखाली टेकायची काठी माझ्याकडं आहे. टोकाला गुंडाळलेली चिंधी तेवढी मी बदलतो.

मग फ्लेक्स आलं. आठवड्याचा बोर्ड तासाभरात छापून मिळायला लागला. नंबरप्लेटा आधी रेडियमवाल्यांकडं गेल्या, आणि एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या शोरूममधूनच ठरलेल्या नमुन्याची पाटी लावून यायला लागल्या. माझ्याबरोबरच्या पेंटरांपैकी कुणी रिक्षा घेतली, कुणी वाळूजला कंपनीत गेला. मला चामड्यानं धरून ठेवलं. शेजारच्या दुकानात मामा बसतात. चपला, पट्टे, पाकिटं शिवतात; रापी आणि आरीवर त्यांनी तीन लेकरं शिकवली. एकदा त्यांच्या गिऱ्हाइकाला पट्ट्यावर नाव हवं होतं. मामांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. तेव्हापासून ते शिवतात आणि मी लिहितो.

आठ ते साडेनऊ नुसतं धुणंपुसणं. मी अजून कामाला लागलो नाही असं रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, पण चामड्याच्या कामात ब्रश हातात असण्याचा वेळ दिवसाकाठी दीड-दोन तासच असतो. बाकी सगळं पुसणं, वाट बघणं आणि पुन्हा पुसणं.

आधी चामडं ओळखायचं. ते कडेवर कळतं. कापलेली कड आतून निळसर राखाडी दिसली तर ते क्रोममध्ये कमावलेलं; आरपार तपकिरी असली तर झाडाच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं. मग कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवायचा. सालीत कमावलेलं कोरं चामडं तो थेंब पिऊन घेतं आणि तिथं काळवंडतं. चकाकी चढवलेल्या चामड्यावर थेंब मण्यासारखा उभा राहतो. पाणी उभं राहतंय म्हणजे रंगही उभाच राहणार. मग स्पिरिटचा बोळा घेऊन अक्षर येईल तेवढ्याच जागेवर एका दिशेनं ओढत जायचं. बोळ्यावर चामड्याचा रंग उतरायला लागला की थांबायचं, कारण चकाकी गेली आणि आता आपण त्याचं अंगच खरवडतोय. बोळा गोल फिरवला तर ढग उठतात, ते पुढं रंगातूनही दिसतात.

हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. पहिल्याच वर्षी एका लग्नघरानं पंचवीस पाकिटं दिली होती. आहेरात वाटायची, प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव. मी बोर्डाच्या सवयीनं वरवर फडकं मारलं आणि सरळ लिहून दिली. दिसायला झकास झाली. लग्नाला आठवडा होतो न होतो तोच नवरीचा भाऊ दुकानात आला. मूठ मिटलेली होती. काउंटरवर उघडली तर रंगाचा चुरा, आणि त्यात एक अख्खं 'मा' सुटून आलेलं, कान्यासकट. तो आवाज चढवून बोलला नाही. 'आमच्या बाबांचं नाव होतं,' एवढंच म्हणाला. मी सगळी पाकिटं परत मागवून घेतली, एकेक खरवडलं, पुन्हा लिहिलं. त्याला महिना गेला. आजही बोळा फिरवताना ते 'मा' डोळ्यांपुढं असतं.

दहा वाजता एक मुलगी आली. तिच्या एका हातात काळी कोरी पर्स होती, दुसऱ्या हातात मऊ पंच्यात गुंडाळलेली पैठणी.

'काका, आजीची आहे. घड्यांवर फाटायला लागली, आता नेसवत नाही. हिच्या काठावरची वेल पर्सवर काढून द्याल?'

पैठणी काउंटरवर उलगडायच्या आधी मी हात साबणानं धुतले. असावलीची वेल होती, पानं आणि फुलं एकाआड एक, मधे पिवळं. पैठण इथून पन्नास किलोमीटर. तिथला विणकर ही नक्षी धागे मोजून हातानं गुंफत जातो, म्हणून चांगली पैठणी मागून-पुढून सारखी दिसते. मी भिंग काढून तिच्या हातात दिलं आणि एका फुलावर धरायला सांगितलं. लांबून गोल दिसणारी पाकळी भिंगाखाली गोल राहत नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरते, कारण धागा आडवा नाहीतर उभाच जातो. मुलगी बराच वेळ बघत राहिली. 'इतकी वर्षं घरात आहे, पण हे दिसलंच नव्हतं,' म्हणाली.

या पायऱ्यांवरून मी एकदा चुकलोय. दोन वर्षांपूर्वी अशीच वेल मी माझ्या हाताच्या वळणानं काढली, गोल, सफाईदार. न्यायला आलेल्या बाई तिच्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'छान आहे, पण साडीतली वाटत नाही.' त्यांचं बरोबर होतं. मी त्यातला माग काढून टाकला होता आणि नुसतं फूल ठेवलं होतं. तेव्हापासून पैठणीची नक्षी मी आलेखाच्या कागदावर चौकटी मोजून उतरवतो. आज एका फुलाला सव्वा तास लागला. एक पाकळी नऊ चौकटी उंच, दुसरी आठ. आधी वाटलं मीच चुकलो, पुन्हा मोजलं. साडीतच तसं होतं. विणणाऱ्याचा एक धागा तिथं कमी पडला असेल. मुलीला विचारलं, सरळ करू का? 'नको काका, तसंच राहू द्या.'

कागदावरची रेघ टाचणीनं टोचत न्यायची, कागद पर्सवर बसवायचा आणि मलमलच्या पुरचुंडीतली खडूची भुकटी वरून झाडायची. कागद उचलला की काळ्या चामड्यावर पांढऱ्या ठिपक्यांची वेल उभी राहते. मला कामातला हा क्षण सगळ्यात आवडतो. त्या वेळी मी दुकानाचा पंखा बंद करतो आणि श्वासही जपून घेतो.

काळ्यावर पिवळा सरळ लावला तर तो मरतो, हिरवट होतो. म्हणून आधी पांढऱ्याचं अस्तर. इथं नवा माणूस घाई करतो आणि एकदाच घट्ट पांढरा भरतो. भिंतीला ते चालतं. इथून शंभर किलोमीटरवर अजिंठ्यात चित्र काढायच्या आधी दगडावर माती, भुसा, झाडाचे तंतू यांचा लेप दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग रंग. दगड जागचा हलत नाही, म्हणून त्यानं एवढे थर पेलले. पर्स रोज शंभरदा उघडते. तिच्यावर थर जाड झाला की तो कवचासारखा होतो आणि पहिल्या वाकण्याला तडकतो. पांढऱ्याचे तीन हात आणि पिवळ्याचे दोन, प्रत्येक हात इतका पातळ की पहिला मारल्यावर खालचं काळं चक्क दिसत राहावं. आज पांढऱ्याचा पहिला झाला. मुलीला परवा यायला सांगितलं. पैठणी तिनं परत नेली. मी ठेवून घेतही नाही.

एक वाजता मामा डबा घेऊन माझ्याकडं येतात, त्यांच्या दुकानात सोल्युशनचा वास असतो म्हणून. ज्वारीची भाकरी, ठेचा, शेपूची भाजी. जेवताना बोलणं चामड्याचंच. २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा आला तेव्हापासून पट्ट्याला म्हशीचं, अस्तराला शेळीचं, असंच चालतं. म्हशीचं जाड असतं, त्याचा दाणा मोठा. बारीक अक्षराला तो दाणा आडवा येतो, ब्रशचं टोक खळग्यात घसरतं. मामा त्यावर काचेच्या बाटलीनं घोटून देतात. असं घोटलेलं चामडं मला दुसरीकडं कुठंच मिळत नाही.

मामांना मी मागं सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचं सांगितलं होतं. तिथली ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या करतात, त्यावर रंग चढवतात आणि दिव्यापुढं पडद्यावर रामायण उभं करतात. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मामांनी आज पुन्हा विचारलं, 'तो रंग चामड्यातून पल्याड दिसतो म्हणता?' दिसतो, कारण तिथं चामडं तासून इतकं पातळ करतात की त्यातून उजेड जातो. 'मंग कमावणारा मोठा,' मामा म्हणाले. मला ते पटलं. रंगवणाऱ्याचं नाव होतं, पण आधी कुणीतरी ते कातडं पोटच्या पोरासारखं सांभाळलेलं असतं.

दोन वाजता बैलांचे पट्टे घेतले. काल फुलंब्रीकडचे एक शेतकरी मामांकडून जोडी करून घेऊन माझ्याकडं आले होते. अडीच इंच रुंद, म्हशीचं दुहेरी चामडं, खालच्या कडेला पितळी घुंगरं. 'एकावर सर्जा, एकावर राजा. दोन्ही येकसारखे पायजेत बरं का पेंटर भाऊ. येकाचं मोठं, येकाचं बारीक असं नको.'

मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की सर्जा कोणत्या अंगाचा? जोडीतला बैल आपली बाजू सोडत नाही. जो डावीकडं जुंपला तो जन्मभर डावीकडंच चालतो. मिरवणुकीत तो जोडीनंच जातो, तेव्हा त्याच्या मानेची बाहेरची बाजूच लोकांना दिसते. डाव्या बैलाचं नाव मानेच्या डाव्या बाजूला पाहिजे, उजव्याचं उजव्या. म्हणजे बक्कल मानेच्या वर धरलं तर एका पट्ट्यावर नाव बकलाच्या या हाताला येतं आणि दुसऱ्यावर त्या हाताला. एका वर्षी मी न विचारता दोन्ही नावं एकाच बाजूला लिहिली होती. एका बैलाचं नाव आख्ख्या मिरवणुकीत दुसऱ्या बैलालाच दिसत राहिलं. ते शेतकरी पुढच्या पोळ्याला आले नाहीत.

सर्जा डाव्या अंगाचा निघाला. आता खरी अडचण नावातच होती. 'राजा'च्या डोक्यावर काही नाही. शिरोरेषा संपली की अक्षर संपलं. 'सर्जा'ला रफार आहे, आणि तो शिरोरेषेच्या वर पाव इंच जागा खातो. दोन्ही नावं आपापल्या पट्ट्यावर मधोमध बसवली तर राजा अंगानं मोठा होतो आणि सर्जा दबतो. शिरोरेषा दोन्हीकडं एकाच उंचीवर धरली तर अक्षरं सारखी होतात, पण राजाच्या डोक्यावर पट्टा रिकामा राहतो, उघडा वाटतो. तिथं शोभेला एखादा ठिपका द्यावा तर तो अनुस्वार होतो आणि राजाचा रांजा होतो. चंद्रकोर दिली तर ऑ वाचतील. मराठी अक्षराच्या डोक्यावरची जागा कधी मोकळी नसते. तिथं काहीही ठेवलं की त्याचा उच्चार होतो.

काल रात्री मी याचा विचार करत होतो. आज सुचलं ते असं, की दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडेनं बारीक पानांची ओळ न्यायची, सगळी पानं एका मापाची, एका कलाची, आणि दोन्हीकडं सारखीच. सर्जाच्या पट्ट्यावर जिथं रफार येतो, म्हणजे 'ज'च्या पुढच्या कान्याच्या माथ्यावर, तिथलं एक पान गाळायचं आणि त्याच्या जागी रफार बसवायचा. रफाराचा बाक पानाच्या बाकासारखाच ठेवायचा. लांबून ओळ अखंड दिसेल आणि जवळून नाव बरोबर वाचता येईल. कागदावर चार वेळा काढून बघितलं. बसलं.

पट्टा मी टेबलावर सपाट ठेवून लिहीत नाही. वीस लिटरच्या पाण्याच्या जारला तो गुंडाळतो आणि जार मांडीत आडवा घेतो. जारचा घेर साधारण बैलाच्या मानेइतका भरतो. चामडं जसं वापरात वाकणार आहे तसंच वाकवून लिहिलं तर रंगाला पुढं ताण कमी पडतो. आणि शिरोरेषा. बोर्डावर मी सगळी अक्षरं आधी काढायचो आणि शेवटी शिरोरेषा एका दमात ओढायचो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उस्ताद काम थांबवून बघायचे. ती ओढ अजून मनगटात आहे. पण चामड्यावर ती मी ओढत नाही. दोन अक्षरांच्या मधे शिरोरेषेत केसभर फट ठेवतो. डोळ्याला ती दिसत नाही, पण पट्टा वाकताना तिथं वाकतो आणि रंग सुटत नाही.

उस्तादांची काठी टेकवली, चार नंबरचा गोल ब्रश घेतला. 'स'चा दंड आधी, मग पोट. 'र्जा' शेवटी. पहिला हात दोन्ही नावांना मिळून पंचवीस मिनिटं. मग जार तसाच कोपऱ्यात उभा करून ठेवला. राजाचा पट्टा दुसऱ्या जारवर होता. नळाला पाणी यायचा आज दिवस नव्हता, घरचे जार रिकामे होते, म्हणून सोय झाली.

चारला चहा आला तेव्हा एक तरुण मोटारसायकलचं जॅकेट घेऊन आला. त्याला पाठीवर गरुड हवा होता आणि खाली त्याचं नाव, आणि मोबाइलवर त्यानं जुना फोटो दाखवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिक आपल्या चामडी जॅकेटांच्या पाठीवर विमानाचं नाव, चित्रं रंगवून घ्यायचे, तसलं. मी त्याला फोटो मोठा करायला लावला. गरुडाच्या पंखावर सगळीकडं भेगा होत्या. तेव्हाचा तैलरंग वर्षागणिक कडक होत जातो, आमच्या बोर्डाच्या इनॅमलसारखाच. चामडं मात्र मऊच राहतं. 'दादा, मला त्या भेगाच आवडल्या,' तो म्हणाला. भेगा रंगवून देता येतात, पण त्या मी देणार नाही. वापरून पडतील तेव्हा पडू देत. तो विचार करून सांगतो म्हणाला.

मग ताशांचे पट्टे. एका पथकाची आठ नगांची ऑर्डर, पथकाचं नाव आणि खाली गाव. २०२३ साली शहराचं नाव बदललं तेव्हा पाट्यांचं काम फ्लेक्सवाल्यांकडं गेलं, पण चामड्यावरचं माझ्याकडं आलं, आणि मला नव्यानं मोजमाप शिकावं लागलं. 'औरंगाबाद' पाच अक्षरांत बसायचं. 'छत्रपती संभाजीनगर' दहा अक्षरं आणि मधली मोकळी जागा. पट्टा तेवढाच लांब. अक्षर बारीक करत गेलं तर ताशा वाजवणाऱ्याच्या खांद्यावर कुणाला वाचता येणार नाही. मी दोन ओळी करतो, 'छत्रपती' वर आणि 'संभाजीनगर' खाली. वरची चार अक्षरं रुंद, खालची सहा उभट, म्हणजे दोन्ही ओळी एका मापाच्या भरतात. रुंद करताना 'छ'चं पोट सैल पडू द्यायचं नाही.

हे रुंद-उभट करणं मला कुणी शाळेत शिकवलं नाही. किलेअर्कच्या कला महाविद्यालयात जायची ऐपत नव्हती. मी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवायचो. कमल शेडगे यांच्या हातची नावं असायची ती. एकेका नाटकाचं नाव त्या नाटकासारखंच दिसायचं, आणि तरी प्रत्येक अक्षर अक्षरच राहायचं, चित्र व्हायचं नाही. २०२० साली ते गेले त्या दिवशी मी ती वही काढून दुपारभर चाळली. सुलेखनकार अच्युत पालवांना पद्मश्री मिळाल्याचं २०२५ साली वाचलं तेव्हा मामांना पेढा दिला. त्यांनी विचारलं, तुमचे कोण? माझे कुणी नाहीत, पण अक्षर काढणाऱ्याला मान मिळाला की आमच्या गल्लीतही एक दिवा जास्त लागतो.

साडेपाच ते सात नुसते हात. पट्ट्यांचा दुसरा, पर्सचा पांढरा दुसरा, ताशांचा पहिला. दोन हातांच्या मधे हेअर ड्रायर, वीतभर लांबून, सतत हलवत. एका जागी धरला तर चामडं आखडतं. सातला पट्ट्यांवर शेवटचा, संरक्षणाचा पारदर्शक हात. बैलाच्या मानेला घाम येतो, पोळ्याला पाऊस असतोच, आणि खांदेमळणीचं तूप-हळद ओघळून पट्ट्यापर्यंत येतं.

साडेसातला शेतकरी आले. पिशवीत बाजार होता: गोंडे, बेगड, शिंगांना लावायचा रंग. मुकुंदवाडीला भाचीकडं मुक्काम, सकाळी पट्टे घेऊन जाणार. जार दिव्याखाली आणले. त्यांनी हात मागं बांधले आणि वाकून बघितलं. आधी राजा, मग सर्जा, मग पुन्हा राजा. त्यांचं बोट हवेतच पानांच्या ओळीवरून फिरत गेलं आणि एका जागी थांबलं.

'हितं पान न्हाई.'

'तिथं सर्जाचा रफार आहे.'

'व्हय की,' ते म्हणाले. मग हसले. 'सारखेच झाले.'

मला वाटलं आता निघतील. पण त्यांनी पिशवीच्या तळातून आणखी एक पट्टा काढला. जुना, तेल पिऊन पिऊन काळा झालेला, घुंगरं निम्मी गळालेली. मी तो दिव्याखाली धरला. पिवळ्या इनॅमलचे तुकडे होते, उभे दंड तेवढे शिल्लक. शिरोरेषा होती तिथं जागोजाग तुटलेल्या आडव्या खुणा. 'ह', वेलांटी, 'रा'. तुटलेली असली तरी ती ओढ मी ओळखली. एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

'तुमच्याच हातचं हाय,' ते म्हणाले. 'धा-अकरा वर्सं झाली. हिरा. आता म्हातारा झालाय, कामाला लावत न्हाई. पर पोळ्याला गोठ्यात येकटाच कसा ठिवायचा? त्याला बी न्यायचाय. जमंल का?'

मी पाण्याचा थेंब टाकला. तो घसरून खालीच गेला. एवढं तेल असताना कुठलाही रंग धरणार नाही. मामा दुकान बंद करून चाललेच होते, त्यांना हाक मारली. त्यांनी पट्टा वाकवून, हुंगून बघितला. चामडं आतून चांगलं आहे म्हणाले. खडूची भुकटी दाबून रात्रभर ठेवा, जेवढं तेल ओढलं जाईल तेवढं जाईल, सकाळी स्पिरिट.

मी जुनं इनॅमल नखानं आणि मामांच्या रापीच्या बोथट बाजूनं काढायला बसलो. ते सहज सुटत गेलं. सगळ्यात शेवटी शिरोरेषेचे तुकडे निघाले. मग पाटीवर पट्टा पसरला, फळ्याचे खडू कुटून भुकटी केली, ती पट्टाभर दाबली, वर वर्तमानपत्राचा कागद आणि कागदावर रंगाचे दोन भरलेले डबे.

'हिरा कोणत्या अंगाचा?' मी विचारलं. उद्या सकाळी सहाला उठून मला माप घ्यायचं होतं.

'उजव्या अंगाचा व्हता,' ते म्हणाले. पिशवी उचलली, दारापर्यंत गेले आणि थांबले. 'पर आता त्याला जू न्हाई. दोन्हीकडं लिवा.'